स्पेलिंगची शिडी आणि सिंधुदुर्गची मुले

इंग्रजी शब्दांचे स्पेलिंग हा मराठी माध्यमातून शिकलेल्या अनेक पिढ्यांच्या धास्तीचा विषय राहिला आहे. चुकलेला शब्द वहीत दहा-वीस वेळा लिहून काढण्याची शिक्षा ज्यांनी भोगली, त्यांना याच स्पेलिंगची कधी जाहीर स्पर्धा होईल आणि मुले तिच्यासाठी हौसेने तयारी करतील, असे वाटलेही नसेल. आज मात्र 'स्पेलिंग बी' या नावाने ओळखली जाणारी स्पर्धा महानगरांतील शाळांतून बाहेर पडून जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांतील शाळांपर्यंत पोहोचू लागली आहे. साहजिकच पालकांसमोर काही प्रश्न उभे राहिले आहेत. मुलाला या स्पर्धेत उतरवावे काय, उतरवायचे तर तयारी कशी करून घ्यावी, आणि शुल्क भरून नाव नोंदविले म्हणजे मुलाचे इंग्रजी खरोखरच सुधारेल काय? सिंधुदुर्गसारख्या जिल्ह्यात या प्रश्नांना आणखी एक पदर आहे. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलाला या स्पर्धेचे दार उघडे आहे काय, हा तो प्रश्न होय.

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा झालेला हा जिल्हा आठ तालुक्यांचा. कुडाळ आणि कणकवलीच्या मध्ये, मुंबई-गोवा महामार्गालगत ओरोस येथे त्याचे मुख्यालय, म्हणजे सिंधुदुर्गनगरी, वसविण्यात आले. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या साडेआठ लाखांच्या आतच आहे. मात्र शालान्त परीक्षेच्या निकालात या चिमुकल्या जिल्ह्याचा दबदबा मोठा आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचे कोकण विभागीय मंडळ स्थापन झाल्यापासून दहावीच्या निकालात ते राज्यात सातत्याने अग्रस्थानी राहिले. मार्च २०२५ च्या परीक्षेत राज्याचा निकाल ९४.१० टक्के, तर कोकण विभागाचा ९८.८२ टक्के होता. लेखी परीक्षेतील हे यश कौतुकास्पद आहेच. परंतु चारचौघांत उभे राहून, अनोळखी इंग्रजी शब्द ऐकून, त्यातील अक्षरे न अडखळता सांगणे ही निराळी कसोटी आहे. तिच्यासाठी लागणारी तयारी पाठ्यपुस्तकाच्या चौकटीत सहसा होत नाही.

वृत्तपत्रांनी रुजविलेला खेळ

या स्पर्धेचे मूळ अमेरिकेत आहे. तेथे 'बी' हा शब्द शेजाऱ्यापाजाऱ्यांनी एकत्र येऊन केलेल्या कामासाठी वापरला जात असे. आपल्याकडील सावड किंवा इर्जिक यांच्याशी ही कल्पना बरीच जुळते. गावकऱ्यांनी एकत्र जमून मुलांकडून स्पेलिंग म्हणवून घेण्याचा कार्यक्रम म्हणजे 'स्पेलिंग बी'. त्याला राष्ट्रीय स्वरूप मिळाले ते वृत्तपत्रांमुळे. १९२५ साली केंटकी राज्यातील 'कुरिअर-जर्नल' या दैनिकाच्या पुढाकाराने नऊ वृत्तपत्रांनी मिळून पहिली राष्ट्रीय स्पर्धा घेतली. फ्रँक न्यूहाउझर या मुलाने 'ग्लॅडिओलस' या फुलाचे स्पेलिंग अचूक सांगून ती जिंकली. १९४१ पासून स्क्रिप्स या वृत्तपत्रसमूहाने तिची धुरा घेतली. दुसऱ्या महायुद्धातील १९४३ ते १९४५ ही तीन वर्षे आणि करोनाचे २०२० हे वर्ष वगळता ती नियमित होत आली आहे.

वृत्तपत्र आणि भाषाशिक्षण यांचे हे नाते सिंधुदुर्गला परके वाटण्याचे कारण नाही. ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' हे पहिले मराठी वृत्तपत्र काढणारे बाळशास्त्री जांभेकर हे याच जिल्ह्यातील, देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. 'दर्पण'मध्ये मराठी आणि इंग्रजी असे दोन्ही भाषांतील मजकूर शेजारी शेजारी छापला जात असे. बाळशास्त्रींनी मुलांसाठी व्याकरणाचे पुस्तकही लिहिले. एका भाषेसाठी दुसरीचा बळी द्यावा लागत नाही, ही जाणीव त्या वृत्तपत्राच्या रचनेतच होती. आजच्या माध्यमविषयक वादात तिचा विसर पडलेला दिसतो.

अमेरिकेतील स्पर्धेत शाळा, मग प्रादेशिक फेरी आणि शेवटी राष्ट्रीय फेरी असा क्रम असतो. आठव्या इयत्तेच्या पुढे गेलेल्या मुलांना तीत भाग घेता येत नाही. व्यासपीठावर आलेल्या मुलाला शब्द ऐकवला जातो. त्याचा अर्थ, व्याकरणातील त्याचा प्रकार, तो कोणत्या भाषेतून आला आणि वाक्यात कसा वापरतात, हे विचारण्याची मुलाला मुभा असते. उच्चारलेले अक्षर मात्र मागे घेता येत नाही. २०२१ पासून शब्दार्थाची तोंडी फेरी आली. शिवाय निकाल लागत नसेल, तर ९० सेकंदांत जास्तीत जास्त स्पेलिंगे सांगण्याच्या निर्णायक फेरीची तरतूदही झाली. २०२४ साली बृहत सोमा या मुलाने अशा फेरीत २९ शब्द अचूक सांगून विजेतेपद मिळविले.

यशामागे काय आहे?

१९८५ मध्ये बालू नटराजन हा ही स्पर्धा जिंकणारा भारतीय वंशाचा पहिला मुलगा ठरला. १९९९ मध्ये नूपुर लाला विजयी झाली. तिच्यासह आठ स्पर्धकांवरील 'स्पेलबाउंड' या माहितीपटाने हा खेळ जगभर पोहोचविला. त्यानंतरच्या पाव शतकात विजेत्यांमध्ये बहुसंख्य मुले भारतीय वंशाची होती. अमेरिकेच्या लोकसंख्येत भारतीय वंशाचे लोक दीड टक्क्याच्या आसपास असताना हे घडले. २०१९ मध्ये परीक्षकांकडील कठीण शब्द जवळजवळ संपत आले आणि आठ मुलांना संयुक्त विजेते घोषित करावे लागले. त्यात टेक्सासमधील सोहम सुखठणकर याचा समावेश होता. गोव्यात आणि दक्षिण कोकणात ओळखीचे असलेले हे आडनाव रोमन लिपीत अनेक प्रकारे लिहिले जाते, हा स्पेलिंगच्या स्पर्धेतील एक मौजेचा योगायोग म्हणता येईल.

या यशाचे श्रेय भारतीयांच्या कथित पाठांतरक्षमतेला देण्याची प्रथा आहे. ती सोयीची असली तरी फसवी आहे. कारण शोधायचे तर ते व्यवस्थेत सापडते. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या 'नॉर्थ साउथ फाउंडेशन' या संस्थेने अमेरिकेतील भारतीय कुटुंबांसाठी गावोगावी छोट्या स्पर्धांचे जाळे उभारले. तीतून जमणारा पैसा भारतातील गरजू विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी वापरला जातो. शनिवार-रविवारी एखाद्या शाळेच्या वर्गात स्वयंसेवक पालक शब्द वाचून दाखवितात, मुले चुकतात, पुढच्या वर्षी पुन्हा येतात. दूरचित्रवाणीवर दिसणारा विजेता अशा अनेक हरलेल्या फेऱ्यांनंतर तेथे पोहोचलेला असतो. २०२५ चा विजेता फैझान झाकी हा आदल्या वर्षी उपविजेता होता. शिक्षित, स्थिर उत्पन्नाची कुटुंबे आणि वेळ देऊ शकणारे पालक हीदेखील या यशाची बाजू आहे, हे विसरता येणार नाही. सिंधुदुर्गने यातून घ्यायचा धडा असेल, तर तो हाच की हुशार मूल शोधण्याआधी त्याला वर चढण्यासाठी पायऱ्या बांधाव्या लागतात.

शब्दाचे कूळ ओळखणे

या मुलांची तयारी म्हणजे शब्दकोशाचे पाठांतर, हा दुसरा गैरसमज. स्पर्धेचा अधिकृत कोश असलेल्या मेरियम-वेब्स्टरच्या बृहत् आवृत्तीत लाखो नोंदी आहेत. त्या सर्व पाठ करणे कोणालाही शक्य नाही. अंतिम फेरीतील मूल शब्द आठवण्याबरोबर तो उलगडतही असते. २०२३ मध्ये देव शहा या मुलासमोर 'सॅमोफाइल' हा शब्द आला. 'सॅमो' म्हणजे वाळू आणि 'फाइल' म्हणजे आवड असणारा, असे दोन ग्रीक धागे त्याने सोडविले. ग्रीक मूळ लक्षात आल्यावर आरंभी न उच्चारला जाणारा 'पी' असणार आणि 'फ'साठी 'पी-एच' येणार, हे ओघाने आले. वाळूत वाढणारी वनस्पती, असा त्या शब्दाचा अर्थ. मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर पसरणारी मर्यादवेल ज्याने पाहिली आहे, त्या मुलाला हा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. २०२१ चा निर्णायक शब्द 'मुराया' हा होता. मरे या आडनावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञावरून हे नाव पडले. झायला अवाँत-गार्द हिने त्या आडनावाचा संबंध विचारूनच स्पेलिंग सांगितले. कुंतीचे सुगंधी झाड याच वंशातील, आणि कोकणातील परसात हमखास असणारा कढीलिंबही परंपरेने त्याच वंशात गणला गेला.

'हा शब्द कोणत्या भाषेतून आला?' हा स्पर्धेतील सर्वात मोलाचा प्रश्न होय. मराठी लेखनाचे नियम ज्याने समजून घेतले आहेत, त्याला तो नवा नाही. 'फूल' आणि 'खीर' यांतील स्वर दीर्घ, तर 'गुण' आणि 'विष' यांतील ऱ्हस्व का, याचे उत्तर शब्दाच्या मुळात आहे. पहिले दोन शब्द मराठीत बदलून आले, म्हणून त्यांना मराठीचा नियम लागतो. दुसरे दोन संस्कृतातून जसेच्या तसे आले, म्हणून मुळातले ऱ्हस्वत्व टिकून राहते. महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये मान्य केलेल्या आणि १९७२ मध्ये भर घालून अठरा झालेल्या लेखनविषयक नियमांपैकी कित्येकांचा आधार हाच आहे. इंग्रजीतही ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन असे कूळ बदलले की लेखनाची रीत बदलते. 'सी-एच' ही अक्षरजोडी ग्रीक मुळाच्या 'कोरस'मध्ये 'क' होते, फ्रेंच मुळाच्या 'शेफ'मध्ये 'श' होते आणि अस्सल इंग्रजी 'चाइल्ड'मध्ये 'च' होते. हे तीन शब्द स्वतंत्रपणे घोकणाऱ्या मुलाला तीन शब्दच येतात. त्यांचे कूळ जाणणाऱ्याला असे शेकडो शब्द आपोआप उलगडू लागतात.

इंग्रजीत गेलेले काही शब्द तर येथलेच आहेत. 'मंगूस' हा इंग्रजी शब्द मराठीतील मुंगसावरून गेला. म्हणूनच 'गूज'चे अनेकवचन 'गीज' होत असले, तरी 'मंगूस'चे 'मंगीज' होत नाही, ते 'मंगूसेस' असेच राहते. 'कोकम' इंग्रजी कोशात मराठीच्या नावाने नोंदले गेले आहे. 'अल्फान्सो' हे हापूसचे नाव पोर्तुगीज आहे, आणि काजू, बटाटा, अननस, चावी, पगार हे शब्द पोर्तुगीजांकडूनच मराठीत आले. घरी मालवणी, शाळेत प्रमाण मराठी, गोव्याच्या हद्दीवर कोंकणी आणि वर्गात इंग्रजी अशा चार बोलींमधून रोज ये-जा करणाऱ्या मुलाचा कान शब्दांच्या बदलत्या रूपांना सरावलेला असतो. मालवणी बोलणे ही उणीव समजून मुलाला गप्प करणाऱ्या शाळा हे भांडवल स्वतःच वाया घालवितात. भाषांच्या मुळांचा शास्त्रशुद्ध शोध घेणारे आणि १८७७ मध्ये मुंबईत विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्याने देणारे रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्म मालवणचाच, ही गोष्ट या संदर्भात शिक्षकांनी मुलांना अवश्य सांगावी.

तयारीचा क्रम

मराठी माध्यमातील मुलाच्या अडचणी कोठे आहेत, हे आधी ओळखले पाहिजे. देवनागरीत लिहिताना 'टीचर', 'डॉक्टर' आणि 'ग्रामर' या तिन्ही शब्दांचा शेवट सारखाच होतो. इंग्रजीत मात्र तेथे अनुक्रमे 'ई-आर', 'ओ-आर' आणि 'ए-आर' अशी अक्षरे येतात. 'सेपरेट' या शब्दातील मधल्या अस्पष्ट स्वरासाठी 'ए' ऐवजी 'ई' लिहिण्याची चूक याच कारणाने होते. 'वेस्ट' या एकाच देवनागरी रूपामागे 'व्ही'ने सुरू होणारा अंगरखा असतो, 'डब्ल्यू'ने सुरू होणारी पश्चिम दिशाही असते. 'मशीन', 'नेशन' आणि 'ओशन' यांत 'श' एकच, पण तो लिहिण्याच्या रीती तीन. अशा चुकांची कारणे उच्चारांच्या भेदात आहेत. त्यामुळे वीस वेळा लिहून काढण्यापेक्षा भेद कानाला ऐकवून दाखविणे अधिक फलदायी ठरते.

तयारीला किमान सहा महिन्यांचा अवधी हवा. आरंभी इयत्तेच्या पाठ्यपुस्तकातील शब्द पक्के करावेत. स्पर्धेची पुस्तिका त्यानंतर हाती घ्यावी. दररोज पाच नवे शब्द पुरेत. प्रत्येक शब्दासमोर अर्थ, मूळ भाषा आणि मुलाने स्वतः रचलेले एक वाक्य लिहिलेले असावे. ज्या शब्दात चूक झाली त्यातील नेमके चुकलेले अक्षर अधोरेखित करून तो शब्द वहीच्या मागील पानांवर उतरवावा. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने त्या पानांकडे परत यावे. महिनाभरात शब्दांचे गट पडू लागतात. न उच्चारल्या जाणाऱ्या अक्षरांचे, जोडाक्षरी व्यंजनांचे, ग्रीक मुळांचे असे हे गट स्वतंत्र पानांवर मांडले, तर नियम मुलाला स्वतःलाच सापडतात, आणि स्वतः सापडलेला नियम सहसा विसरला जात नाही.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ अँजेला डकवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेच्या राष्ट्रीय फेरीतील मुलांच्या तयारीची पाहणी केली होती. एकट्याने बसून शब्दांचा नेटाने अभ्यास करणे मुलांना सर्वात कंटाळवाणे वाटत होते. तरीही स्पर्धेतील यशाशी त्याचाच संबंध सर्वाधिक घट्ट होता. दुसऱ्याने शब्द विचारणे किंवा हौसेने पुस्तके वाचणे यांचा परिणाम त्यामानाने कमी दिसला. याचा अर्थ अवांतर वाचन निरुपयोगी आहे असा नव्हे. वाचनाने शब्दाची ओळख होते, पण त्याची अक्षरे पक्की होण्यासाठी बैठकच मारावी लागते. दिवसाला वीस मिनिटांची बैठक लहान मुलास पुरेशी आहे. ती लांबविल्यास उत्साह आटतो.

तोंडी सराव मात्र दोघांनीच करावा लागतो. मोठ्या माणसाने किंवा वर्गमित्राने शब्द वाचावा, मुलाने तो आधी उच्चारावा, अक्षरे सांगावीत आणि शेवटी पुन्हा उच्चारावा. शब्द नीट ऐकू आला नाही, तर पुन्हा विचारण्याची सवय लावणे महत्त्वाचे आहे. प्रश्न विचारणे म्हणजे अज्ञान उघडे करणे, ही भीती आपल्या वर्गांत खोल रुजलेली असते, आणि या स्पर्धेत तीच मुलाला बाद करते. उच्चाराबद्दल शिक्षकाला स्वतःलाच शंका असेल, तर इंटरनेटवरील कोशांत ध्वनिमुद्रित उच्चार विनामूल्य ऐकता येतात. ब्रिटिश आणि अमेरिकी लेखनातील फरकाकडेही लक्ष हवे. आपली पाठ्यपुस्तके 'कलर' आणि 'सेंटर' हे शब्द ब्रिटिश रीतीने लिहितात, वेब्स्टरची परंपरा अमेरिकी रीतीने. कोणता कोश प्रमाण मानला जाणार, हे आयोजकांना आधीच विचारलेले बरे.

प्रवेश आणि त्याची किंमत

अमेरिकेतील राष्ट्रीय स्पर्धा मुख्यतः तेथील शाळांतील मुलांसाठी आहे. भारतात त्याच धर्तीच्या अनेक स्पर्धा खासगी संस्था भरवितात. २०१० नंतरच्या दशकात रेडिओ मिर्चीने 'क्लासमेट' या वह्यांच्या नाममुद्रेसोबत घेतलेल्या 'स्पेल बी'ने शहरी शाळांत या खेळाची ओढ निर्माण केली. एरवी सर्वसाधारण रीत अशी की नोंदणी शाळेमार्फत होते, इयत्तांनुसार गट पाडले जातात, प्रत्येक मुलाकडून शुल्क घेतले जाते आणि शब्दसूचीची पुस्तिका दिली जाते. शाळेतील पहिली फेरी बहुधा लेखी किंवा श्रुतलेखनाची असते. पुढे आंतरशालेय, राज्य आणि राष्ट्रीय फेऱ्या होतात.

येथेच जिल्ह्यातील पालकांनी डोळसपणे पाहणे आवश्यक आहे. पुढची फेरी कोठे होणार, प्रवास आणि मुक्कामाचा खर्च कोणी करायचा, प्रत्येक फेरीला नवे शुल्क आहे काय, पुस्तिकेचे पैसे वेगळे आहेत काय, मुलाला त्याची उत्तरपत्रिका किंवा चुकांचा तपशील परत मिळतो काय, हे प्रश्न नाव नोंदविण्यापूर्वी विचारले पाहिजेत. दोडामार्ग किंवा वैभववाडीच्या मुलाला मुंबई-पुण्याची एक फेरी ही घरातील दोन माणसांची दोन-तीन दिवसांची मजुरी आणि प्रवासखर्च असते. भाग घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला पदक आणि 'आंतरराष्ट्रीय' शब्द छापलेले प्रमाणपत्र मिळत असेल, तर त्या पदकाचे मोल पालकांनी स्वतःच ठरवावे. चूक कोठे झाली हे मुलाला समजत नसेल, तर त्या स्पर्धेने त्याला काही शिकविले असे म्हणता येणार नाही.

शाळेमार्फतच प्रवेश असल्याने आणखी एक परिणाम होतो. ज्या शाळेला स्पर्धेची माहिती नाही, किंवा जेथे पालकांकडे शुल्क मागण्याचा शिक्षकांना संकोच वाटतो, तेथील मूल आपोआप बाहेर राहते. इंग्रजी माध्यमाची विनाअनुदानित शाळा आणि वाडीवरची कमी पटाची मराठी शाळा यांच्यातील अंतर अशा स्पर्धांनी कमी होण्याऐवजी वाढण्याचा धोका आहे. मराठी शाळा सोडून मूल इंग्रजी माध्यमात घालण्याच्या निर्णयामागे 'तेथे असे काही तरी असते' ही भावना मोठी असते, हे शिक्षण खात्याने ओळखले पाहिजे.

ओरोसपर्यंतच्या पायऱ्या

महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकविण्याचा निर्णय शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या कारकिर्दीत, २००० साली अमलात आला. तेव्हा त्यावर मोठे वादळ उठले होते. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्याचे १६ एप्रिल आणि १७ जूनचे शासननिर्णय तीव्र विरोधानंतर मागे घेण्याची घोषणा २९ जूनला झाली. त्या वादात मुलांवरील भाषांच्या ओझ्याची पुष्कळ चर्चा झाली. पंचवीस वर्षे पहिलीपासून शिकविल्या जाणाऱ्या इंग्रजीचे मराठी शाळांत नेमके काय झाले, याची झडती मात्र क्वचितच घेतली गेली. दहा वर्षे एखादी भाषा शिकूनही तिच्यातला अनोळखी शब्द ऐकून लिहिता येत नसेल, तर दोष मुलांच्या माथी मारता येत नाही.

सिंधुदुर्गपुरते बोलायचे, तर शिडी उभारण्यासाठी नवे काही निर्माण करावे लागणार नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी 'बाल, कला, क्रीडा व ज्ञानी मी होणार' हा महोत्सव भरत आला आहे. केंद्र आणि तालुका असे टप्पे ओलांडत मुले जिल्हास्तरावर येतात. कबड्डी आणि समूहगीताबरोबर सामान्यज्ञानाची स्पर्धाही तेथे होते. शिष्यवृत्ती परीक्षा आणि 'सिंधुदुर्ग टॅलेंट सर्च'सारख्या परीक्षांची तयारी शिक्षक शाळा सुटल्यावर थांबून करून घेतात. याच टप्प्यांवर शब्दलेखनाची तोंडी फेरी घेता येईल. तिला शुल्क नसावे आणि शब्दसूची जिल्ह्यातील शिक्षकांनीच पाठ्यपुस्तकांतून व परिसरातून तयार करावी. अर्धे शब्द इंग्रजीतील असावेत, अर्धे मराठीतील. इंग्रजीची अक्षरे सांगणाऱ्या मुलाने मराठी शब्दातील वेलांटी आणि उकार ऱ्हस्व की दीर्घ, तेही कारणासह सांगावे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याचा आनंद साजरा करण्याची याहून सार्थ रीत शाळांपाशी क्वचितच असेल.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. भ्रमणध्वनी आणि संगणक चुका आपोआप दुरुस्त करीत असताना स्पेलिंग शिकण्याची गरज काय, हा पहिला. यंत्र चुकीचा शब्द दुरुस्त करते. परंतु बरोबर लिहिलेला पण चुकीच्या जागी पडलेला शब्द ओळखण्यासाठी शब्दाची जाण लागते, आणि अर्थ व मूळ यांसह शिकलेले स्पेलिंग ती जाण देते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वाचनात आणि लेखनात ज्यांना उपजत अडचण आहे, अशा मुलांना व्यासपीठावर उभे करून 'चूक' असे ऐकविणे क्रूरपणाचे ठरेल. म्हणूनच सहभाग ऐच्छिक असला पाहिजे. वर्गातील फेरी व्यक्तींऐवजी गटांची घ्यावी. शाळेच्या मूल्यमापनाशी स्पर्धेचा संबंध जोडू नये. बाद झालेल्या मुलाला त्याचा शब्द फळ्यावर उलगडून दाखविल्याशिवाय पुढचा स्पर्धक बोलावू नये, एवढा एक नियम जरी पाळला, तरी हरलेले मूलही काही तरी घेऊन घरी जाईल.

या स्पर्धेतून सिंधुदुर्गला एखादा राष्ट्रीय विजेता मिळेलही. त्याचे सत्कार होतील, छायाचित्रे छापून येतील. परंतु जिल्ह्याच्या दृष्टीने खरा हिशेब वेगळा आहे. आंबोलीच्या घाटाखालील किंवा देवगडच्या सड्यावरील शाळेतील किती मुले केंद्राच्या फेरीत उभी राहिली, आणि त्यांतील किती दुसऱ्या वर्षी पुन्हा आली, यावर ही शिडी पक्की झाली की नाही ते ठरेल. पहिली पायरी बांधण्यासाठी एक शिक्षक, एक शब्दकोश आणि आठवड्यातील एक तास पुरतो. ती बांधायची की खासगी आयोजकाच्या पत्रकाची वाट पाहायची, हे सिंधुदुर्गनगरीतील शिक्षण विभागाने आणि प्रत्येक शाळा व्यवस्थापन समितीने ठरवायचे आहे. नव्या शैक्षणिक वर्षाचे नियोजन होते तेव्हाच हा निर्णय झाला पाहिजे. स्पर्धेच्या आदल्या महिन्यात घाईने केलेल्या तयारीतून पुन्हा घोकंपट्टीच पदरी पडते.